‘इतर’मध्ये टाकलेलं मानपान

लग्नसराई सुरू झाली की अंगदच्या दुकानात छपाई कमी आणि पंचायत जास्त चालते. भोकरदनच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ‘जयवंता प्रिंटिंग’ म्हणून दुकान आहे, आईच्या नावाचं. तिथं लोक लग्नपत्रिका छापायला येतात आणि भांडून जातात. नवरदेवाचं नाव, मुहूर्त, मंगल कार्यालय हे सगळं पटकन उरकतं. पुढं ‘आपले विनीत’ आलं की संपलं. चुलता वर की आत्याचा मालक वर, मोठा साडू आधी की सरपंच आधी! नाव तिसऱ्या ओळीत गेलं म्हणून सख्खा मामा मांडवात आलाच नाही, असं या तालुक्यात दर हंगामाला घडतं. बरं, तोंडानं कुणी काही बोलणार नाही. ‘माझं नाव कुठं बी टाका, न्हाई टाकलं तरी चालंल,’ असं जो म्हणतो, त्याला नाव सगळ्यात वर पाहिजे असतं. एवढं अंगद या धंद्यात शिकला होता.

त्याला या लोकांचं फार हसू यायचं. कागदावरच्या बोटभर जागेसाठी माणसं जन्माचं बोलणं सोडतात, काय म्हणावं यांना! गिऱ्हाईक गेलं की तो चहा सांगायचा आणि कॉम्प्युटरवर आपली यादी उघडून बसायचा. त्या यादीत त्याचं स्वतःचं नाव वर होतं.

आता ही यादी कसली, ते सांगायला पाहिजे. ‘पाटी’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, मराठीत टायपिंग आणि छपाई करण्याचं. ते कुण्या कंपनीच्या मालकीचं नाही. त्याचा आतला सगळा कारभार उघडा. ज्याला कळतं त्यानं आत डोकवावं, दुरुस्ती करावी, आपल्या सोयीचं एखादं अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायची पुरवणी, बनवावी आणि सगळ्यांना फुकट द्यावी. कुण्या मास्तरनं निकालपत्रकाची पुरवणी दिली, कुण्या ग्रामसेवकानं दाखल्यांची. अशी अ‍ॅड-ऑन ढिगानं जमली, तेव्हा कुणीतरी ती तपासून, नीट लावून एका जागी ठेवणं भाग पडलं. ते काम अंगदनं अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी काही देतही नव्हतं.

काम मोठं किचकट. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर त्यानं खास त्यासाठी ठेवलेला. नवं अ‍ॅड-ऑन आलं की आधी त्याच्यावर चढवायचं, वापरायचं, कुठं अडतंय का पाहायचं. मग दोन ओळींत वर्णन लिहून योग्य त्या विभागात टाकायचं. शाळा, दाखले, हिशोब, पत्रिका व छपाई असे विभाग होते. अंगदनं ‘तपासले’ असं लिहिलं म्हणजे डोळे झाकून घ्यावं, असं नांदेडपासून नाशिकपर्यंतचे लोक म्हणायचे. त्याला ‘यादीवाले अंगदभाऊ’ म्हणायचे. आणि ‘पत्रिका व छपाई’ या विभागात सगळ्यात वर असायचं ‘पत्रिका’, म्हणजे अंगदनं स्वतः बनवलेलं अ‍ॅड-ऑन. अख्ख्या भावकीची नावं रांगेत बसवून देणारं. ज्याचा वापर जास्त ते वर, असा यादीचा नियम होता. नियम अंगदचाच.

मग नेहल आली. म्हणजे ती स्वतः नाही, तिचं अ‍ॅड-ऑन आलं. जालन्याच्या मोंढ्यात कन्हैयालाल म्हणून मारवाडी व्यापारी आहेत, त्यांची मुलगी. नुकतंच कॉलेज संपवलेलं. अंगदनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. अ‍ॅड-ऑनचं नाव तिनं ठेवलं होतं ‘मानपान’.

एका दुपारी अंगदनं ते जुन्या कॉम्प्युटरवर चढवलं आणि एका गिऱ्हाइकाची मागच्या हंगामातली नावं त्यात भरली. नावं भरून झाल्यावर ‘मानपान’नं विचारलं, यातल्या कुणाकुणाला वाटायला किती पत्रिका द्यायच्या आहेत? त्यानं आकडे टाकले. मशीनमधून जे गठ्ठे निघाले, ते पाहून तो खुर्चीतून उठलाच. चुलत्याच्या गठ्ठ्यात चुलत्याचं नाव वर. मामाच्या गठ्ठ्यात मामाचं. साडूच्या गठ्ठ्यात साडूचं. पत्रिका तीच, नावं तीच, फक्त ज्याच्या हातानं वाटली जाणार त्याचं नाव पहिल्या ओळीत. ज्या भांडणापायी अंगद हंगामभर घसा कोरडा करायचा, ते भांडण या पोरीनं मुळातनंच उपटून टाकलं होतं.

हे मला का सुचलं न्हाई? हा पहिला विचार. दुसरा विचार आलाच नाही. दिवसभर तोच फिरून फिरून येत राहिला.

खोट सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं शोधली. नावांच्या जागी गावं भरली, एकच नाव पुन्हा पुन्हा भरलं, शेवटी अख्खी मतदारयादी ओतून पाहिली, की आता तरी अडेल. मेलं अडायचं नावच घेईना. आणि वरून खाली बारीक अक्षरांत तिनं लिहिलेलं, की हे सगळं मी अंगददादांची ‘पत्रिका’ उघडून, तिचा एकेक भाग सुटा करून शिकले, त्यांचे आभार. ते वाचून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी केली असती तर बोंब मारता आली असती. आभार मानणाऱ्याशी भांडायचं कसं?

‘पत्रिका व छपाई’मध्ये हे टाकलं, तर लग्नसराई संपायच्या आत ते वर जाणार आणि आपण खाली, हे त्याला लख्ख दिसत होतं. नाकारावं तर कारण नव्हतं. खोटं लिहावं तर यादीत अंगद खोटं लिहीत नाही, ही त्याची ख्याती. म्हणून त्यानं खोटं लिहिलंच नाही. वर्णनात लिहिलं, ‘नावांचा क्रम बदलून छपाई करण्याची सोय. तपासले.’ त्यात लग्न हा शब्द नाही, पत्रिका हा शब्द नाही, म्हणजे शोधणाऱ्यानं शोधलं तरी ते पुढं येऊ नये. आणि विभाग निवडला ‘इतर’.

‘इतर’ म्हणजे यादीतली अडगळीची खोली. तिथं एक अ‍ॅड-ऑन होतं पान उलटं छापणारं, एक होतं दर तासाला कोंबड्यासारखं आरवणारं, आणि एक असं, की ते कशासाठी बनवलं हे बनवणाऱ्यालाच आठवत नव्हतं. ‘इतर’ कुणी उघडत नाही, हे यादी सांभाळणाऱ्याला जितकं पक्कं माहीत असतं तितकं दुसऱ्या कुणाला नसतं.

थोड्या दिवसांनी नेहलचा निरोप आला. ‘मानपान’ चुकून ‘इतर’मध्ये गेलंय का, पत्रिकांच्या विभागात शोभलं असतं असं वाटतं, पण दादा तुम्ही म्हणाल तसं. ‘तुम्ही म्हणाल तसं’ वाचून याच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. त्यानं एखाद्या कचेरीला शोभेल असं उत्तर धाडलं, की विभागांची फेररचना विचाराधीन आहे. कसली फेररचना आणि कसलं काय! त्यानंतर ‘पाटी’वाल्यांच्या ग्रुपवर परतूरच्या एका मास्तरांनी नेहलचं डोकं लै भारी चालतं म्हणून लिहिलं आणि त्याखाली लोकांनी अंगठे उमटवले. अंगदनं ते अंगठे मोजले. आपल्या ‘पत्रिका’ला असं कुणी लिहिलं नव्हतं, हे आठवून तो दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिला.

एवढ्यात रेणूचं लग्न ठरलं. रेणू म्हणजे अंगदची धाकटी बहीण. जाफराबादच्या एका शाळेत ऑफिसचं काम करते, रोज जीपनं जाते-येते. मुलगा अंकुशनगरचा, साखर कारखान्यात नोकरीला. माणसं चांगली, सगळं बिलकुल मनासारखं. पत्रिका अर्थातच दादा काढणार.

आणि तिथंच घोडं अडलं. अंगद-रेणू लहान असताना त्यांचे वडील, म्हस्कू, वारले. तेव्हा त्यांची मेंढरं अप्पाराव काकांनी आपल्या कळपात घेतली आणि रानोमाळ हिंडून सांभाळली, म्हणून अंगद होस्टेलात राहून शिकू शकला. रेणूला मच्छिंद्र मामांनी जाफराबादला आपल्या घरी नेलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं. म्हणजे बापाच्या जागी दोघं उभे राहिले होते, आणि पत्रिकेत वरची जागा एकच.

काका म्हणाले, माझं नाव कुठं बी टाका. त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला, की मी कुठं काई बोलून राह्यलो, माझं काई म्हणणंच न्हाई. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरचं हे बोलणं ऐकून अंगद हसत आला होता.

त्यानं आपल्या ‘पत्रिका’वर दोन्ही नावं एका ओळीत बसवली, डावीकडं काका, उजवीकडं मामा. मामांनी चष्मा लावून पाहिलं आणि वाचायला डावीकडूनच सुरुवात करतात ना रे, एवढं बोलून चहा न घेता उठले. त्यानं उलट केलं, मामा डावीकडं, काका उजवीकडं. काकांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला. दुसऱ्या दिवशी ते मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघाले. जाताना जयवंताबाईला, म्हणजे अंगदच्या आईला सांगून गेले, की वहिनी, लग्न उरकून घ्या, माझी वाट पाहू नका, मेंढरामागं कुणीतरी पाह्यजेच. जयवंताबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं पोराला समोर बसवलं.

“ज्यानं तुला उभं केलं तो मांडवात नसंल, तर मी बी अक्षता टाकायची न्हाई. काय करायचं ते कर.”

काय करायचं ते त्याला माहीत होतं की! इलाज दुकानातच होता, हाताच्या अंतरावर. तो रोज ‘मानपान’ उघडायचा आणि रोज बंद करायचा. आपल्या घरचं लग्न, आपली यादी, आणि पत्रिका त्या पोरीच्या डोक्यानं काढायची? म्हणजे आपली ‘पत्रिका’ कमी पडली हे आपणच कबूल करायचं. आणि मंग ‘मानपान’ ‘इतर’मध्ये का पडून आहे, असं कुणी विचारलं तर? न्हाई म्हणजे न्हाई. मग तो स्वतःची समजूत घालू लागला, की काका मूळचेच हट्टी, म्हातारपणी माणूस असंच करतं, त्याला आपण काय करणार. काका नाही आले तरी चालतील पण नेहल वर नको, असं त्यानं मनातसुद्धा कधी या शब्दांत म्हटलं नाही. वागला मात्र नेमकं तसंच.

बस्त्यासाठी तो पाहुण्यांबरोबर जालन्याला गेला. आल्यावरही पत्रिका अडलेलीच होती. आई बोलत नव्हती. रेणूनं तो जालन्याला जायच्या आधी फक्त एकदा विचारलं होतं, की दादा, पत्रिकेचं काय? होईल, म्हणाला होता. पुढं तिनं विचारलं नाही, याचं त्याला नवल वाटायला पाहिजे होतं, पण त्याचं लक्ष ग्रुपवर होतं.

आणि एका सकाळी अप्पाराव काका दुकानात हजर. खांद्यावर घोंगडं, चेहरा कसा फुललेला. बंडीच्या खिशातून त्यांनी जपून एक पत्रिका काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. रेणूच्या लग्नाची. ‘आपले विनीत’ आणि खाली पहिल्या ओळीत, एकट्यानं ऐसपैस बसलेलं नाव, अप्पाराव. मेंढरांच्या वाड्यावर येऊन रेणू स्वतः गठ्ठा देऊन गेल्ती, म्हणाले. मेंढरं साडूच्या हवाली केली, आता लग्न होईपर्यंत इथंच.

अंगद गार पडला. ही पत्रिका त्यानं छापलीच नव्हती. कागद मात्र त्याच्या दुकानातला होता, आणि नावांची ती बसणी कुणाची हे त्यानं एका नजरेत ओळखलं. म्हातारा मांडवात येणार म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. आणि मग त्यानं ते केलं, जे आठवलं की अजून त्याचं त्यालाच कसंनुसं होतं. तो गोड आवाजात म्हणाला, “काका, खुश होऊ नका. मामाच्या गठ्ठ्यात मामाचं नाव वर आसंल. मशीनची चलाखी हाय ही.”

म्हाताऱ्यानं पुन्हा रुसून निघून जावं आणि ‘मानपान’ खोटं ठरावं, यासाठी बोललेलं वाक्य होतं ते. बहिणीच्या लग्नापेक्षा ते त्याला त्या घडीला मोठं वाटलं.

काकांनी पत्रिका काचेवरून उचलली.

“मला काय येडा समजतो का रे? रेणूनं सांगूनच दिली. मच्छिंद्राच्या हातात मच्छिंद्राचं वर, माझ्या हातात माझं. बराबर हाय. कुणीतरी बसून इचार केला ना, की या अप्पारावला काय वाटंल? तेवढंच पाह्यजे व्हतं मला.”

त्यांनी पत्रिका पुन्हा खिशात ठेवली, आणि तुझं तोंड का असं उतरलं म्हणून वर विचारलं. ज्या माणसांना तो इतकी वर्षं हसला, त्यांच्यातला सगळ्यात रुसका माणूस त्याच्यापेक्षा मोठ्या मनाचा निघाला होता.

संध्याकाळी रेणू शाळेतून परस्पर दुकानात आली. पिशवीत उरलेले गठ्ठे. तू जालन्याला बस्त्याला गेल्ता तवा तुझ्याच मशीनवर काढल्या, म्हणाली, तुला म्हटलं अजून एक ताप नको. सापडलं कुठं, असं त्यानं विचारलं. विचारताना आवाज साधा ठेवायला त्याला फार कष्ट पडले.

“तुझ्याच यादीत. शोधलं तर येईना, मंग सगळी यादी वाचत गेले, पार खालपर्यंत. म्हटलं, असं काई कुणी बनवलं आसंल तर दादाच्या यादीत न्हाई असं व्हायचंच न्हाई. आन् खाली ‘तपासले’ लिवलेलं होतं, मंग काय बघायचं राह्यलं?” तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. “पण दादा, ‘इतर’मध्ये का टाकलं रे ते?”

“चुकून,” तो म्हणाला. यादीच्या बाबतीत अंगद समोरासमोर पहिल्यांदाच खोटं बोलला.

रेणूला ते पटलं. दादा म्हणतो म्हणजे चुकूनच, त्यात काय. तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढून त्याच्यापुढं ठेवला, या तुझ्या, तुझ्या मित्रांना वाट, म्हणाली आणि घराकडं जाणारी शेवटची रिक्षा चुकू नये म्हणून लगबगीनं गेली.

त्यानं वरची पत्रिका उघडली. ‘आपले विनीत’. पहिल्या ओळीत, अंगद म्हस्कू. मामाच्या वर, काकाच्या वर, भावकीतल्या सगळ्या थोरामोठ्यांच्या वर, तो. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. छाती भरून आली, हात आपोआप नावावरून फिरला. सगळं माहीत असून बरं वाटलं. ही कुणाची करामत आहे, प्रत्येकाच्या गठ्ठ्यात हेच आहे, आणि ती आपण कुठं नेऊन टाकली, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा त्याला आपल्याच दुकानात बसायची लाज वाटली. जिला त्यानं अडगळीत टाकलं, तिनं त्याला त्याच्याच घरात वर बसवलं होतं.

त्यानं यादी उघडली. ‘मानपान’ तिथून उचलून ‘पत्रिका व छपाई’मध्ये आणलं. वर्णन खोडलं. नवीन लिहायला त्याला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक शब्द तो लिहून पुन्हा खोडत होता. शेवटी लिहिलं, ‘लग्नपत्रिकेसाठी. ज्याच्या हातात पत्रिका, त्याचं नाव वर. आमच्या घरच्या लग्नासाठी वापरलं. काका आले.’

नेहलला निरोप पाठवला, की विभाग चुकला नव्हता, मीच मुद्दाम टाकलं होतं, माफ करावं. तिचं उत्तर आलं, की दादा, असू द्या, ताईंना माझ्याकडून शुभेच्छा सांगा. एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर हिशोब फिटला असता, असं वाटून तो पुन्हा जळला.

लग्न झालं. रेणूच्या मागं मामा उभे राहिले, अंतरपाटाजवळ काका, आणि जयवंताबाईनं मूठ भरभरून अक्षता टाकल्या. लग्नसराई संपायच्या आतच ‘मानपान’ यादीत वर गेलं. अंगदनं रोज सकाळी दुकान उघडून आधी तेच पाहिलं, आणि ज्या दिवशी आपली ‘पत्रिका’ खाली सरकलेली दिसली, त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. नियम बदलावा असं मनात आलं. बदलला नाही.

आपल्या गठ्ठ्यातली एक पत्रिका त्यानं काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. परवा हसनाबादकडचे दोघं भाऊ आले, तेच नेहमीचं, माझं नाव कुठं बी टाका. अंगदनं त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि दोघांना दोन गठ्ठे काढून दाखवले. मोठ्यानं आपलं नाव वर पाहिलं, धाकट्यानं आपलं पाहिलं, दोघंही हसले. मोठा म्हणाला, भाऊ, काय डोकं लावलं राव, तुम्ही बनवलं का हे?

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

“न्हाई,” अंगद म्हणाला. “जालन्याची नेहल हाय, तिनं केलं. यादीत पाहा, सगळ्यात वर हाय तिचं नाव.”